छतावरचे ऊन आणि रात्रीचा हिशेब

भर दुपारी लाइट जाते. छतावर तीन किलोवॉटची सौर पॅनेल उन्हात तळपत असतात आणि खाली घरातला पंखा मात्र बंद. सोलर बसवल्यानंतर पहिल्यांदा असे घडले की हमखास बसवून देणाऱ्याला फोन जातो, ‘तुमची सिस्टिम बिघडली, माणूस पाठवा.’ बिघडलेले काहीच नसते. उलट यंत्रणा तिला शिकवलेले काम चोख बजावत असते.

घरांवर बसणारी बहुतेक सौर यंत्रणा ‘ऑन-ग्रिड’ प्रकारची असते. पॅनेलमधून येणाऱ्या डीसी विजेची एसी करणारा तिचा इन्व्हर्टर महावितरणच्या लाइनकडे पाहून चालतो. लाइनवर वीज नाही हे कळताच तो क्षणार्धात स्वतःला बंद करून घेतो. खांबावर चढलेल्या वायरमनने लाइन बंद करून काम सुरू केलेले असते. अशा वेळी एखाद्या छतावरची वीज लाइनमध्ये शिरली, तर ती ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून ११ हजार व्होल्टच्या बाजूलाही जिवंत करू शकते. म्हणून हा नियम जगभर आहे आणि तो टाळण्याची ‘जुगाड’ वायरिंग करून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

मग रात्रीचे काय? सूर्य मावळल्यावर या घरात दिवे कशावर लागतात? तिथे नेट मीटरिंग कामाला येते. घराला दुहेरी मीटर बसतो. दुपारी घर रिकामे असते, वापर थोडा आणि उत्पादन जास्त, तेव्हा वरची वीज लाइनमध्ये जाते आणि मीटर ती निर्यात म्हणून नोंदवतो. रात्री घर लाइनवरून वीज घेते, ती आयात. महिन्याच्या शेवटी दोन्हींची वजाबाकी होते आणि बिल फक्त उरलेल्या युनिटचे येते. शेजारणीला सकाळी वाटीभर साखर द्यावी आणि रात्री तेवढीच परत आणावी, तसा हा व्यवहार. फरक एवढाच की सकाळी या शेजारणीकडे सगळी आळी साखर आणून ओतते आणि रात्री मागायला आलेल्यांसाठी तिला ती दुकानातून विकत आणावी लागते. नेट मीटरिंगवरचे जगभरचे वाद या एका अडचणीतून निघाले आहेत. पण आधी पैशांकडे पाहू.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. २०२४-२५ च्या दरांनी, वहन आकार धरून, पहिल्या १०० युनिटना युनिटमागे ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० या टप्प्यात ११ रुपये ४६ पैसे आणि त्यापुढच्या दोनशे युनिटना पावणेसोळा रुपयांच्या घरात. वर १६ टक्के वीज शुल्क. महिन्याला ३०० युनिट जाळणाऱ्या कुटुंबाचे बिल या हिशेबाने साधारण साडेतीन हजार होते. एक किलोवॉट पॅनेल महाराष्ट्रात सरासरी दिवसाला चार युनिट देते, म्हणजे तीन किलोवॉटची यंत्रणा महिन्याला ३६० च्या आसपास. बिलात उरतो तो जेमतेम स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार सुटत नाही, हे विक्रेते सांगायला विसरतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेने हे गणित आणखी सोपे केले. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे ७८ हजारांपर्यंत अनुदान. त्यापुढे कितीही किलोवॉट लावा, अनुदान तेवढेच. योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे आणि तरतूद ७५,०२१ कोटींची. पॅनेल मात्र देशात बनलेल्या सौर घटांचीच हवीत. तीन किलोवॉटचा खर्च दोन लाखांच्या आसपास धरला, तर अनुदान वजा जाता सव्वा लाखाची गुंतवणूक तीन-चार वर्षांत फिटते. पुढची वीस वर्षे पॅनेल धुणे आणि कबुतरे हाकलणे, एवढेच काम. पुण्या-मुंबईत दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

सोसायट्यांचा रस्ता वेगळा. फ्लॅटधारकाच्या मालकीचे छत नसते, म्हणून सोसायटी आपल्या सामाईक मीटरवर सोलर घेते आणि लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे त्याच्या हिशेबात जातात. केंद्राचे अनुदान तिथे किलोवॉटमागे १८ हजार आहे. भांडण असते ते गच्चीवर पापड-कपडे वाळत घालायचे कुठे, यावर. दोन माणूस-उंच सांगाड्यावर पॅनेल चढवली की तेही मिटते, फक्त लोखंडाचा खर्च वाढतो.

आता बॅटरी. विक्रेता सांगतो, ‘दिवसाची वीज साठवा, रात्री वापरा, बिल वाचवा.’ नेट मीटरिंग असलेल्या घरात यातले शेवटचे दोन शब्द खरे नसतात. दुपारी लाइनमध्ये दिलेले पाच युनिट रात्री पाच युनिट म्हणूनच परत मिळतात. तेच पाच युनिट बॅटरीत घातले तर भरताना-काढताना होणारी घट धरून साडेचार हाती येतात. म्हणजे लाखभर रुपये खर्चून रोज अर्धा युनिट गमवायचा.

शिवाय घरची बॅटरी एका रात्रीपुरती. मीटरवरची जमा मात्र महिनोन्‌महिने चालते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार शिल्लक युनिट आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुढे सरकत राहतात. एप्रिल-मेच्या उन्हातून उरलेले युनिट जुलै-ऑगस्टच्या मळभात वापरता येतात, जे कोणतीही घरगुती बॅटरी करू शकत नाही. एकच मेख आहे, ती ३१ मार्चची. त्या दिवशी जी शिल्लक उरते ती वीज कंपनी घरगुती दराच्या मानाने बऱ्याच कमी भावाने विकत घेते आणि पाटी कोरी होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे आकाश निरभ्र, पंखे बंद, एसी बंद. मोठी यंत्रणा लावणाऱ्यांची शिल्लक नेमकी तेव्हा फुगते. पाच किलोवॉट घ्यावे की तीन, याचे उत्तर छताच्या आकारात शोधण्यापेक्षा गेल्या बारा बिलांतल्या युनिटच्या आकड्यांत शोधलेले बरे.

तरीही बॅटरी घ्यावीच लागते, अशी घरे आहेत. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेला रुग्ण, घरून चालणारे काम, पावसाळ्यात दिवसदिवस लाइट नसलेले कोकणातले वा सह्याद्रीच्या कुशीतले घर. अशा घरांनी बचतीचा विचार न करता ती घ्यावी. वर्षातून चाळीस-पन्नास वेळा लाइट जाणाऱ्या शहरी घरात पाच युनिटची बॅटरी दर वेळी जेमतेम दोन युनिट देते. दहा वर्षांत सुमारे हजार युनिट, म्हणजे लाखाच्या बॅटरीतले एक युनिट शंभर रुपयांना पडते. सोयीची किंमत म्हणून ती कुणी आनंदाने मोजेल. बचत म्हणून तिची विक्री करणे हा अप्रामाणिकपणा आहे.

भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातल्या लाखो घरांत शिरलेला जुना इन्व्हर्टर अजूनही जिन्याखाली बसलेला असतो. त्याची दीडशे अँपिअर-अवर, बारा व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली रिकामी करत राहिले की ती लवकर मरते, म्हणून हाताशी युनिटभरच वीज येते. दोन पंखे, चार एलईडी दिवे आणि वायफाय त्यावर चार तास निघतात. पुष्कळ घरांची गरज तेवढीच असते आणि नव्या सोलरसाठी ही जोडी मोडीत काढण्याचे कारण नसते. नवी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८०-९० टक्के रिकामी केलेली चालते, डिस्टिल्ड वॉटर मागत नाही आणि काही हजार वेळा भरता-उपसता येते. रोज पुरी वापरली तर तिचे युनिट चार-पाच रुपयांना पडू शकते. पण रोज वापरायची म्हटले तर दुपारच्या आणि रात्रीच्या विजेच्या भावात तफावत हवी, आणि नेट मीटरिंगमध्ये ती नसतेच.

ती तफावत नियम बदलला की येते. अमेरिकेतल्या हवाई राज्याने ऑक्टोबर २०१५ मध्ये नव्या घरांसाठी नेट मीटरिंग बंद केले. कॅलिफोर्नियात १५ एप्रिल २०२३ पासून नव्या अर्जदारांना निर्यात केलेल्या युनिटचा मोबदला सरासरी पाऊणपट कमी मिळू लागला. कारण सरळ होते. दुपारी राज्यभर सौर वीज इतकी होई की तिला भाव राहत नसे आणि सूर्य मावळताच मागणी एकदम वर चढे. आधी सोलर घेणाऱ्या दहा घरांपैकी एखादेच बॅटरी घेत होते. बदलानंतर हे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची कथा याहून टोकाची. २००९ साली तिथे ग्रिडला दिलेल्या युनिटमागे ६० सेंट मिळत. २०२५-२६ साठी नियामकाने ठरवलेला किमान दर होता ०.०४ सेंट, म्हणजे शंभर युनिट दिले तर चार सेंट. त्याच सुमारास, १ जुलै २०२५ पासून, ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने घरगुती बॅटरीवर सुमारे ३० टक्के सूट सुरू केली. मेलबर्नला स्थायिक झालेल्या पुतण्याने ‘काका, बॅटरी घ्याच’ असा सल्ला दिला, तर तो त्याच्या गावी बरोबर असतो. नाशिकच्या काकांना तो जसाच्या तसा लागू होत नाही.

निदान आज तरी नाही. महाराष्ट्रातही वारे फिरवण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१९ च्या विनियमांच्या मसुद्यात नेट मीटरिंगवर मर्यादा घालण्याचा विचार होता. ग्राहक संघटनांनी आणि सौर व्यावसायिकांनी त्यावर हरकतींचा पाऊस पाडला आणि अंतिम विनियमांत नेट मीटरिंग टिकले. राज्यातली छतावरची क्षमता २,००० मेगावॉट होईपर्यंत सोलर ग्राहकांना ग्रिडच्या वापराबद्दलचे ‘ग्रिड आधार शुल्क’ लावायचे नाही, असेही ठरले आणि १० किलोवॉटपर्यंतच्या ग्राहकांना त्यातून वगळले गेले. २०२५ च्या सुरुवातीला महावितरणच्या दरप्रस्तावावरून पुन्हा गदारोळ झाला. दिवसा निर्माण झालेली वीज दिवसाच्याच वापरातून वळती करायची, रात्रीच्या नाही, ही त्यातली धास्ती होती. त्याच वर्षी १ जुलैपासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. दुसरीकडे शेतीच्या फीडरसाठी हजारो मेगावॉटचे सौर प्रकल्प उभे राहत आहेत. दुपारची वीज स्वस्त आणि रात्रीची महाग, हे चित्र इथेही रंगू लागले आहे.

दुपारची वीज रात्रीसाठी ठेवायचीच असेल तर ती घराघरांत ठेवावी की एका जागी, हा प्रश्न गुजरातेतल्या मोढेराने सोडवून पाहिला आहे. सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले हे मेहसाणा जिल्ह्यातले गाव ऑक्टोबर २०२२ मध्ये चोवीस तास सौर विजेवर चालणारे देशातले पहिले गाव म्हणून जाहीर झाले. तेराशेहून अधिक घरांवर एकेक किलोवॉटची पॅनेल आहेत, पण बॅटरी घरात नाही. जवळच्या सुज्जनपुरा इथे सहा मेगावॉटचा प्रकल्प आणि त्याच्या जोडीला १५ मेगावॉट-तासांची, म्हणजे १५ हजार युनिटची, एकच मोठी बॅटरी आहे. तिची देखभाल तंत्रज्ञ करतात, आगीची काळजी तेच घेतात, घरमालकाला जिन्याखालची जागा द्यावी लागत नाही. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली, ती सुमारे शंभर घरांची वस्ती. अशा वस्त्यांना गावची सामाईक बॅटरी घरगुती बॅटरीपेक्षा अधिक शहाणपणाची ठरेल.

तोवर सोलर घेणाऱ्याने बॅटरीसाठी थांबू नये आणि घाईने ती गळ्यातही बांधून घेऊ नये. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट राहिलेली नाही, म्हणजे अर्ज फायलीत अडकवून ठेवण्याचे एक निमित्त कमी झाले आहे. विक्रेत्याला एकच प्रश्न आवर्जून विचारावा, हा इन्व्हर्टर पुढे बॅटरी घेतो का? पुढेमागे बॅटरी लागेल असे वाटत असेल तर आजच हायब्रीड इन्व्हर्टरची किंमत विचारून ठेवावी. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर नंतर बदलायचा म्हणजे एकाच छतासाठी दोनदा पैसे. आणि कॅलिफोर्नियातली एक गोष्ट कागदपत्रांची चालढकल करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिथे १५ एप्रिल २०२३ च्या आधी अर्ज दाखल करणाऱ्यांना जुने नेट मीटरिंग वीस वर्षांसाठी कायम राहिले, त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत वीज कंपन्यांकडे अर्जांचा ढीग पडला होता.