गाडीत जागा कुठंय?

फेब्रुवारी जवळ आला की आमच्या चिंचपाड्यात नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. जीप कुणाची, भाकरी कुणाच्या. एका घरात मात्र हा विषय निघत नाही. तिथल्या मुलीला चालता येत नाही, बोलणंही अस्पष्ट. मागे एकदा मी विचारलं, तर तिची आई म्हणाली, ‘ताई, गाडीत जागा कुठंय? अन् तिला शी-शूला तिथं कुठं नेऊ?’ ‘खरंय बाई, तिलाही उगाच त्रास,’ असं म्हणून मी चहा पिऊन उठले. समाजकार्य करणारी मी! ते वाक्य अजून टोचतं.

मैत्रिणींनो, फ्रान्समध्ये लूर्द नावाचं गाव आहे. १८५८ मध्ये बर्नाडेट या गरीब मुलीला तिथल्या गुहेपाशी मरियामातेचं दर्शन झालं, अशी कॅथलिकांची श्रद्धा. आजाऱ्यांची यात्रा म्हणूनच ते प्रसिद्ध. पण तिथंसुद्धा काय व्हावं? एका जोडप्याचे दोन्ही मुलगे अपंग. यात्रेच्या गटाने त्यांना घेतलं नाही, इतरांना त्रास होईल म्हणे! १९६७ मध्ये ते आपले आपण गेले, तर हॉटेलात अट, जेवण खोलीतच घ्यायचं. हे दुःख मारी-एलेन मात्यू यांच्यासह काहींनी मनावर घेतलं आणि १९७१ च्या ईस्टरला लूर्दमध्ये १२ हजार माणसं जमली. त्यांत ४ हजार अपंग होते.

इंग्लंडच्या डॉ. मायकेल स्ट्रोड यांनी तर १९५६ मध्येच ‘एचसीपीटी’ ही संस्था काढली. दर ईस्टरला ती अपंग मुलांना लूर्दला नेते. मला त्यांची रीत आवडली. मुलांना दवाखान्यात नाही, साध्या हॉटेलात उतरवायचं. दहाएक मुलं नि जवळपास तेवढेच सोबती. सोबती आपला खर्च आपणच करतात. आंघोळ, भरवणं, रात्रीचं उठणं, सगळं त्यांच्याकडे. तेवढे दिवस आईला झोप मिळते. (आपल्याकडे आईनं झोपायचं म्हटलं तर घरात काय होईल, ते तुम्हीच सांगा!)

चमत्काराचं म्हणाल, तर चर्चने मान्य केलेले तिथले चमत्कार इतक्या वर्षांत सत्तरच्या थोडे वर, एवढेच. म्हणजे बहुतेक मुलं जातात तशीच परततात. तरी पुढच्या ईस्टरला गट निघतातच.

आम्ही चौघी-पाचजणींनी बसून हिशेब केला. चाकाची खुर्ची घडी होते, जीपच्या टपावर बसते. खाली भोक पाडलेली प्लॅस्टिकची खुर्ची, बादली, आडोशाला दोन जुन्या साड्या. पाळीपाळीने दोघीजणी तिच्याजवळ. रेल्वेने जायचं तर पात्र अपंगाबरोबर एका सोबत्यालाही तिकिटात सवलत मिळते, पण दाखला हवा. तो काढायला दोन खेपा झाल्या.

मग मी पुन्हा त्या घरी गेले. आई बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाली, ‘म्हणजे ताई, मी नुसतीच येऊ? तुमच्यासारखी?’

आतून मुलीचा आवाज आला. मला कळलं नाही. आईने सांगितलं, ‘बांगड्या पाहिजेत म्हणते, यात्रेतल्या.’