मनगटावरचा संग्रह

घड्याळे जमवणारे दोघे भेटले, की कपाटात किती आहेत हा प्रश्न मागाहून येतो. आधी नजर जाते ती मनगटाकडे: आज काय घातले आहे? हाच जथा पुढे सायकलीविषयी, शाईच्या पेनांविषयी, रोलच्या कॅमेऱ्यांविषयी तितक्याच हिरिरीने बोलू लागतो. बाहेरचा माणूस याला जुन्या दिवसांची ओढ म्हणून मोकळा होतो. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. आठवणी जपायला वस्तू चालू असावी लागत नाही. आजोबांचे बंद पडलेले घड्याळ पेटीत ठेवूनही ते काम भागते. या मंडळींचा आग्रह मात्र वस्तू चालू असण्याचा, रोज वापरात असण्याचा असतो. त्या आग्रहामागे एक विचार आहे आणि तो तपासून पाहण्याजोगा आहे. जी यंत्रे माणसाच्या अंगच्या ताकदीवर चालतात आणि उघडून दुरुस्त करता येतात, त्यांची पारख वापरातच होते. म्हणून संग्रह किती मोठा यापेक्षा त्यातले रोजच्या वापरात किती, हा निकष अधिक खरा आहे.

एचएमटीचे ‘जनता’ हे चावीचे घड्याळ उदाहरणादाखल घेऊ. त्यात १७ ज्वेल असतात. सकाळी चावी दिली की स्प्रिंग गुंडाळली जाते आणि ती सुटत असताना बॅलन्स व्हील तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. त्यासाठी लागणारी सगळी ऊर्जा दोन बोटांतून आलेली असते. ऑटोमॅटिक घड्याळात ती हाताच्या हालचालीतून येते. आतले अर्धगोल वजन फिरते आणि स्प्रिंग आवळत राहते. सायकलीत हेच काम पाय करतात. दोन्हीकडे इंधन नाही, सेल नाही. त्यामुळे यंत्राची तब्येत वापरणाऱ्याला परस्पर कळते. घड्याळ रात्री पालथे ठेवले, उताणे ठेवले की आडवे, यावर ते काही सेकंद पुढे जाते किंवा मागे पडते. रोज घालणाऱ्याला ही खोड ठाऊक होते आणि तो तिचा उपयोगही करून घेतो. चेन कोरडी पडली, छर्रे झिजले, चाकाला आऊट आला, हे सायकलवाल्याला असेच आवाजावरून आणि पायाला लागणाऱ्या जोरावरून समजते. दोन्ही छंद एकाच माणसात वारंवार आढळतात, याचे कारण मला या ओळखीत दिसते.

या यंत्रांना बाजाराने केव्हाच निकालात काढले होते. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. आज सेलवर चालणाऱ्या बहुतेक घड्याळांतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्या अचूकतेपुढे चावीच्या घड्याळाचा टिकाव लागणे शक्यच नव्हते. आपल्याकडे एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला. १९८४ मध्ये टायटनची स्थापना झाली, तिने क्वार्ट्झवर भर दिला आणि बाजाराचे चित्र पालटले. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. सायकलींच्या बाबतीत, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिनी, थांबला. तरीही ‘जनता’ घड्याळे आणि अ‍ॅटलस सायकली चालू आहेत. एकाच प्रकारची मशिने वर्षानुवर्षे बनत राहिल्याने एका निकामी घड्याळाचे भाग दुसऱ्याला बसतात. १८ मिलिमीटरचा पट्टा कुठेही मिळतो. सायकलीच्या चेनच्या दोन पिनांमधले अंतर शंभराहून अधिक वर्षे अर्धा इंचच राहिले आहे. कंपनी गेल्यावरही वस्तू टिकली, कारण तिची दुरुस्ती कंपनीच्या हाती राहिली नव्हती.

रोजच्या वापराचा निकष सोडला की काय होते, हे पाहायला दूर जायला नको. जुन्या घड्याळांच्या जागतिक बाजारात ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द कुचेष्टेने वापरला जातो. डायल नव्याने भडक रंगवलेली, केस घासून चकचकीत केलेली आणि आतले भाग वेगवेगळ्या घड्याळांतून जुळवलेले, अशा मालाला हे नाव पडले आहे. छायाचित्रात तो झकास दिसतो आणि छायाचित्र पाहून संग्रह वाढवणारा त्याला भुलतो. मनगटावर आठवडाभर राहिल्यावर मात्र काटे एकमेकांना घासतात, तारीख अर्धवट फिरून अडते किंवा चावी दिली तरी घड्याळ दुपारीच थांबते. ही घड्याळे जुळवणाऱ्या कारागिराचा हात कुशल असतो, हेही मान्य करायला हवे. गिऱ्हाईकाने फक्त चकाकी मागितली, म्हणून त्याने ती पुरवली.

पहिला आक्षेप उघड आहे. खिशातला फोन अचूक वेळ दाखवतो. मग दिवसाला वीस सेकंद चुकणारे घड्याळ कशाला? गणित केले तर ही चूक शेकडा ०.०२ च्या आसपास येते, पण मुद्दा तिथे संपत नाही, कारण फोन त्याहूनही अचूक आहे. याचे उत्तर सायकलीच्याच इतिहासात शोधता येते. एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या विक्रमात एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीला ४९.४३१ किलोमीटर गाठले. १९९६ मध्ये ख्रिस बोर्डमनने हात पुढे ताणून बसण्याची नवी पद्धत वापरून ५६.३७५ किलोमीटर कापले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने मर्क्सच्या काळाशी मिळत्याजुळत्या सायकलीची अट घातली, आणि २००० मध्ये त्याच बोर्डमनला ४९.४४१ किलोमीटरच जमले. मर्क्सपेक्षा अवघे दहा मीटर जास्त. यंत्राचा आणि बसण्याच्या ढबीचा वाटा किती, ते त्या सुमारे सात किलोमीटरांच्या फरकातून उघड झाले. संघटनेने २०१४ मध्ये ही अट काढून टाकली. स्पर्धेपुरते ते योग्यच झाले, कारण तिथे आकडा महत्त्वाचा. छंदात आकड्याचे ओझे नसते. कमी अचूक यंत्र जाणूनबुजून निवडून त्यातला आपला वाटा अनुभवण्याची मोकळीक तिथे असते. गाडी पकडायची असेल तेव्हा हाच माणूस फोन बघतो, आणि त्यात विसंगती काही नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वापराने वस्तू झिजते. दुर्मीळ घड्याळ रोज घालणे म्हणजे ते संपवणे नव्हे का? काही वस्तूंबाबत हे खरे आहे आणि त्यांची जागा संग्रहालयातच असावी. पण बहुतेकांच्या संग्रहात अशा वस्तू नसतात. शिवाय कपाटही निर्धोक नसते. पडून राहिलेल्या घड्याळातले तेल कालांतराने घट्ट होते, उभ्या ठेवलेल्या सायकलीचे टायर हवा जाऊन चिरतात. वापरणाऱ्याला वस्तूच्या मर्यादा मात्र माहीत असाव्या लागतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर हँडलमधून मनगटाला बसणारे सततचे हादरे नाजूक बॅलन्सला मानवत नाहीत. म्हणून अनेक संग्राहक सायकलवर निघताना चावीचे घड्याळ उतरवून कॅसिओचे जी-शॉक घालतात. १९८३ मध्ये आलेले ते घड्याळ दहा मीटरवरून पडूनही टिकावे, या उद्देशानेच घडवले होते. चावीच्या घड्याळाच्या डायलवर ३० मीटर लिहिले असले तरी ते पोहण्यासाठी नसते, आणि जुन्या गॅस्केटच्या भरवशावर जुलैच्या पावसात तर ते नेऊच नये. कुठे काय घालायचे नाही, हे कळणे हा वापराचाच भाग आहे.

तिसरा आक्षेप मिरवण्याचा. ‘आज हातात काय’ हे जगाला दाखवणे म्हणजे श्रीमंतीचे प्रदर्शन, असे म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. लाखो रुपयांच्या घड्याळांशेजारी लाखो रुपयांच्या कार्बन सायकली उभ्या केलेल्या दिसतात. पण रोजच्या वापराची अट नेमकी इथेच उपयोगी पडते. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या पाहा. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे. क्रमांक काढले जात नाहीत, वेळेत पोहोचलात की पुरे. तिथे सायकलीची किंमत कुणी विचारत नाही, कारण पॅडल मारावेच लागते. घड्याळाच्या छंदालाही अशी शिस्त लागू शकते. घालायला मनगट एकच असल्याने, रोज वापरायचे ठरवले की विसावे घड्याळ घेण्याचे कारण उरत नाही. तोच पैसा आहेत त्या घड्याळांच्या सर्व्हिसिंगला लावता येतो. चावीच्या घड्याळाला दर चार-पाच वर्षांनी उघडून साफ करणे, तेल देणे गरजेचे असते. हे काम करणारे जुने कारागीर कमी होत चालले आहेत. नव्या खरेदीतून त्यांच्या पदरात काहीच पडत नाही. त्यांचे दुकान चालते ते दुरुस्तीवर. हीच गोष्ट कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याची. संग्राहकाला आपल्या छंदाचे भविष्य राखायचे असेल, तर पुढचे घड्याळ शोधण्याआधी घरातले बंद पडलेले घड्याळ त्याने कारागिराकडे न्यावे आणि चालू झाल्यावर ते हातात घालावे.