पंक्चर काढावे की टायर बदलावा?

पंक्चरचा धंदा थोड्या भांडवलात उभा राहतो. कॉम्प्रेसर, जॅक, पाने, पाण्याचे घमेले आणि रस्त्याच्या कडेला एक टपरी, एवढ्यावर अनेकांची घरे चालतात. मात्र यातील जबाबदारी भांडवलाइतकी लहान नाही.

मागे समृद्धी महामार्गाजवळच्या एका दुकानात आम्ही थांबलो होतो. लग्नाला निघालेली एक मोटार आली. ट्यूबलेस टायरच्या मधोमध खिळा होता. "घाई आहे, स्ट्रिप मारून द्या," चालक म्हणाला. दुकानदाराने विचारले, "हवा गेल्यावर गाडी किती चालवली?" उत्तर आले, "दोन-तीन किलोमीटर." त्याने टायर रिमवरून उतरवला. आत रबराचा काळा भुगा होता आणि बाजूच्या भिंतीवर गोल घासलेला पट्टा उमटला होता. "हा टायर आता चालणार नाही," असे सांगून त्याने स्टेपनी चढवून दिली.

हवा नसताना गाडी चालवली की टायरची बाजू रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चेपते, तापते व आतले धागे तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. असा टायर वेगात फुटू शकतो. हवा भरतानाही फुटू शकतो, म्हणजे धोका दुकानदारालाही आहे. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तेथे टायर फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

म्हणून काम हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, जागा. भोक नक्षीच्या मधल्या भागात असेल तरच दुरुस्ती करावी. खांद्याचा व बाजूचा भाग चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दबतो. तेथे पॅच टिकत नाही.

दुसरी, आकार. मोटारीच्या टायरचे भोक ६ मिलिमीटरपर्यंतच चालते. लांब चीर असेल तर नकार द्यावा.

तिसरी, झीज. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली असेल तर पंक्चरवर खर्च करणे व्यर्थ आहे. चरांमधील लहान उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले की ही वेळ आली असे समजावे.

चौथी, जुनी पंक्चरे. नवा पॅच जुन्यावर चढत असेल तर टायर बाद समजावा.

दुरुस्तीची योग्य रीत म्हणजे टायर उतरवून आतून तपासणे, भोक रबराने भरणे आणि आतल्या बाजूने पॅच बसवणे. बाहेरून मारलेली स्ट्रिप वाटेतली सोय आहे. तेवढ्यावर लांबचा प्रवास करू नये. शेवटी साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. कापलेल्या टायरमध्ये गेटर घालून किंवा ट्यूब टाकून गाडी रवाना करण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. ट्यूब हवा धरते, तुटलेले धागे जोडत नाही.

गिऱ्हाइकांनीही हवा कमी वाटताच गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि ती किती चालवली ते खरे सांगावे. दुकानदाराने टायर आतून दाखवून नकार दिला तर रागावू नये.

त्या दिवशी त्या दुकानदाराला फक्त चाक बदलण्याची मजुरी मिळाली. परतीच्या वाटेवर मात्र तीच मोटार नवा टायर बसवायला त्याच्याच दारात उभी होती.