'राजी' संपवली? मग पुढचा गेम कोणता?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी: अॅन एन्शंट एपिक'मध्ये भावाच्या शोधात निघालेल्या राजीला दुर्गादेवीचा त्रिशूळ मिळतो. तुळजाभवानीच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेळाडूंना ही गोष्ट लगेच आपली वाटेल. पण गेम काही तासांतच संपतो. मग पुढे काय?

'राजी'मधलं नेमकं काय आवडलं, त्यावर निवड करा.

उड्या, भिंतीवरून धावणं: 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन' (२०२४). याचा मोफत डेमोही आला होता.

भारतातली मंदिरं, अवशेष: 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७). गोष्ट पश्चिम घाटात घडते. मात्र पीसीवर तो दुसऱ्या गेमसोबत एकत्रच मिळतो आणि जागा तब्बल १२६ जीबी लागते. मोबाइलच्या डेटावर डाउनलोड करणार असाल, तर आधी हिशोब करा.

भावंडांची माया: 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' (२०१३). जुना गेम असल्याने साध्या पीसीवरही चालू शकतो.

पैसे वाया जाण्याची भीती वाटते? स्टीमवर घेतलेला गेम २ तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर १४ दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात. त्यामुळे गेम घेतल्यावर तो आपल्या पीसीवर अडकत तर नाही ना, हे आधी बघा.