भाकरी का फाटते आणि का फुगते

आपण रोज भाकरी खातो. पण ती कधी टम्म फुगते आणि कधी थापतानाच फाटते, असे का, हे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. मला सांगता येते, कारण आमच्या घरी संध्याकाळच्या भाकऱ्या मी करतो. दिवाळी झाली की आई आणि अण्णा ऊसतोडीला जातात, ते पाडव्याच्या सुमारास परत येतात. तोपर्यंत घरात आजी, मी आणि माझी धाकटी बहीण. आजीची मनगटे दुखतात, तिला पीठ रगडता येत नाही. शेजारच्या काकू एखादा दिवस भाकऱ्या देतात, पण रोज कोण देणार? नुसता भात केला तर आजी म्हणते, "पोट भरलं, पर जेवान झालं न्हाई." म्हणून मी शिकलो. काही पोरे मला "बायकांचं काम करतो" म्हणून हसतात. त्यातले दोघे मागच्या शनिवारी आमच्याकडेच जेवून गेले.

आमचे गाव मंगळवेढे तालुक्यात आहे. इथली जमीन काळी आणि खोल. पावसाळ्यात मुरलेली ओल ती धरून ठेवते, आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुष्काळात संत दामाजीपंतांनी धान्याची कोठारे लोकांना खुली केली, असे सांगतात, ते याच मंगळवेढ्याचे. आमच्या घरी मालदांडी ज्वारी असते. तिचा दाणा टपोरा आणि मोत्यासारखा पांढरा असतो. कडबा बैलांना होतो, म्हणजे एकाच पिकात माणसाचे आणि जनावराचे दोघांचेही भागते.

आता दळणाचे सांगतो, कारण भाकरी अर्धी गिरणीतच बिघडते. आजी एका वेळी आठ दिवसांचेच दळण देते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. विरी म्हणजे चिकटपणा. विरी गेलेल्या पिठाची भाकरी कितीही थापा, कडेने चिरा पडतातच. बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो, म्हणून तिचे पीठ त्याहून लवकर कडू होते. गिरणीत गेल्यावर आपल्या आधी कोणाचे काय दळले ते बघायचे. ज्वारीवर ज्वारी दळली तर उत्तम. मिरची दळून झाली असेल तर घरी परत यावे आणि दुसऱ्या दिवशी जावे! दळलेले पीठ आम्ही चाळतो ते फक्त काडी-कचरा निघावा म्हणून. दाण्याची साल, कोंब आणि आतला पांढरा भाग, सगळ्याचे मिळून पीठ होते. मैद्यात साल आणि कोंब काढून टाकलेले असतात.

भाकरी का फाटते हे समजण्यासाठी गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करून दाखविला. एक गोळा गव्हाच्या कणकेचा आणि एक ज्वारीच्या पिठाचा, असे दोन गोळे घेतले. दोन्ही पाण्याच्या घमेल्यात हाताने चोळून चोळून धुतले. गव्हाचा गोळा धुताना पाणी दुधासारखे पांढरे झाले. चार वेळा पाणी बदलले तरी हातात एक पिवळसर चिवट गोळी शिल्लक राहिलीच. ती रबरासारखी ताणली जात होती. तिला ग्लुटेन म्हणतात. ज्वारीचा गोळा मात्र सगळाच्या सगळा विरून गेला. हातात काहीच उरले नाही. ज्वारीत आणि बाजरीत ग्लुटेन नसते. म्हणून चपाती लाटली की पसरते आणि फाटत नाही, पण भाकरी हलक्या हाताने थापावी लागते.

मग भाकरीचे पीठ एकत्र धरून ठेवते कोण? तर गरम पाणी. तुम्ही हा लेख वाचत आहात तो कागद फळ्याला कशाने चिकटविला आहे ते बघा. खळीने. ती आम्हीच केली. थंड पाण्यात पीठ कालविले तर ते खाली बसते आणि कागद गळून पडतो. तेच पाणी ढवळत ढवळत शिजविले की दाट खळ होते. गुरुजी म्हणाले की पिठात स्टार्चचे बारीक बारीक कण असतात, ते गरम पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. भाकरीच्या पिठात आधणाचे पाणी घालतात ते यासाठीच. गव्हाचे काम ग्लुटेन करते, ज्वारीचे काम आधण करते.

आता कृती. परातीत एका भाकरीपुरते ओंजळभर पीठ घ्यायचे, मध्ये आळे करायचे. आधणाचे पाणी आजीच ओतते, मला ओतू देत नाही. आधी उलथन्याने कालवायचे, नाहीतर हात पोळतो. जरा निवले की थंड पाण्याचा हात लावून तळव्याने रगडायचे. सगळ्यात महत्त्वाचे हेच आहे. मी सुरुवातीला हळूहळू रगडत होतो तेव्हा आजी म्हणाली, "पिठाला काय भितूस? मनगटाचा जोर लाव की." पीठ लोण्यासारखे मऊ झाले पाहिजे. सगळ्या भाकऱ्यांचे पीठ एकदम मळून ठेवू नये, एकेकीचे मळावे. मग परातीत कोरडे पीठ भुरभुरून त्यावर गोळा ठेवायचा आणि बोटांनी थापत थापत गोल फिरवायचा. भाकरी आपोआप फिरली पाहिजे. फिरली नाही तर ती खाली चिकटली असे समजावे आणि कडेने थोडे पीठ सारावे.

तवा चांगला तापलेला हवा. भाकरी दोन्ही हातांवर उचलून तव्यावर अशी टाकायची की पिठाची बाजू वर येईल. लगेच त्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, कडेपर्यंत. पाणी वाळत आले की उलटायची. पूर्ण वाळू दिले तर वरून भेगा पडतात. पाण्याची बाजू खाली नीट भाजून झाली की तवा उतरवून भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करायची. इथे ती फुगते.

ती फुगते कशी, तर तव्यावर दोन्ही बाजूंना शिजून पातळ कातडी तयार झालेली असते. आतल्या ओलीची वाफ होते. वाफेला खूप जागा लागते, पण बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती वरचा पापुद्रा उचलून धरते. कुठे एक जरी चीर असली तरी वाफ तिथून निसटते आणि भाकरी चपटी राहते. शहरातल्या पावाला फुगायला यीस्ट आणि काही तास लागतात. आपल्या भाकरीला नुसते पाणी आणि जाळ पुरतो, हे मला फार आवडते.

२०२३ साल जगभर भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले होते. ज्वारी-बाजरी खा, असे तेव्हा सगळीकडे सांगत होते. आजीला मी ते सांगितले तर ती म्हणाली, "मग आमी इतकी वर्सं काय खात हुतो?" थंडीत ती बाजरीची करायला लावते. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ लावतात, ते पाण्याचा हात फिरविल्यावर लगेच दाबायचे, म्हणजे चिकटतात.

कडक भाकरी मला अजून जमत नाही. ती कागदासारखी पातळ थापून, आतली सगळी ओल जाईपर्यंत मंद आचेवर वाळवायची असते. ओल नाही म्हणून तिला लवकर बुरशी येत नाही, ती पुष्कळ दिवस टिकते. आई ऊसतोडीला जाताना तसली चळत फडक्यात बांधून नेते. ती परत आली की शिकणार आहे.

सगळ्यात शेवटी परातीत जे पीठ उरते त्याची लहानशी चानकी होते. ती बहिणीची. तव्यावर टाकायच्या आधी ती तिला बोटाने डोळे आणि तोंड पाडते, म्हणून तिची चानकी कधीच फुगत नाही.

– इयत्ता चौथी