नाव गाळले, तरी माणूस उरतो

बँकेत रुजू झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी बजावले होते, की खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायची नाही. नावे वगळलेले तक्ते मात्र आम्ही निर्धास्तपणे वरच्या कार्यालयाकडे धाडीत असू. तो निर्धास्तपणा किती पोकळ असू शकतो, हे अमेरिकेतील विदुषी लटान्या स्वीनी यांच्या कार्याविषयी वाचताना उमगले.

गोष्ट १९९७ च्या सुमाराची. मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा पाहणाऱ्या आयोगाने सुमारे १,३५,००० कर्मचारी व कुटुंबीयांच्या औषधोपचारांच्या नोंदी संशोधकांना खुल्या केल्या होत्या. नावे गाळलेली, जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड, म्हणजे तेथील पिनकोड, मात्र तसेच ठेवलेले. स्वीनी तेव्हा एमआयटी या विख्यात संस्थेत शिकत होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली. तीत हेच तीन रकाने होते आणि शेजारी नावेही! राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड त्याच शहरात राहत. त्यांच्या जन्मतारखेचे सहा मतदार निघाले. त्यांपैकी पुरुष तीन, आणि त्यांच्या झिप कोडातला एकच. गव्हर्नरसाहेबांच्या आजारपणाची नोंद उघडी पडली. कोठे कुलूप फोडले नाही, चोरी नाही. रोजमेळ आणि खतावणी ताडून पाहावी, तसा दोन याद्यांचा मेळ घातला एवढेच.

पुढे १९९० च्या जनगणनेवरून त्यांनी दाखविले, की या तीन बाबींवरून ८७ टक्के अमेरिकन नागरिक बहुधा नेमके ओळखता येतील. २००६ मध्ये अन्य एका संशोधकाने नंतरच्या जनगणनेवर हाच हिशेब केला, तो ६३ टक्क्यांवर आला. फेरतपासणीत रक्कम घटली, तरी एवढी तूट कोणता लेखापरीक्षक किरकोळ म्हणेल?

केवळ दोष दाखवून त्या थांबल्या नाहीत. प्रत्येक नोंद किमान ठरावीक संख्येच्या माणसांना सारखीच लागू पडावी, इतकी ती मोघम करावी, असा उपाय त्यांनी पिएरांजेला सामाराती यांच्या समवेत मांडला. अमेरिकेच्या आरोग्यविषयक गोपनीयता नियमांत त्यांच्या संशोधनाचा उल्लेख आहे. नाव वगळून नोंदी द्यायच्या, तर जन्मतारखेतील केवळ वर्ष आणि झिप कोडाचे पहिले तीन अंकच ठेवावेत, असा एक मार्ग तेथे आखून दिला आहे. २००१ मध्ये एमआयटीतून संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. आधी कार्नेगी मेलन, मग हार्वर्ड. आणि २०१४ मध्ये ग्राहकहित जपणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनचे मुख्य तंत्रज्ञपद.

हे सारे मनात असतानाच पुतण्याच्या कापडदुकानात गेलो होतो. सवलतकार्डाच्या अर्जावर नाव, मोबाइल, पिनकोड आणि पूर्ण जन्मतारीख. मी विचारले, "वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला जन्मवर्ष कशाला रे?" तो म्हणाला, "काका, छापखान्याने नमुना दिला, तोच छापला." नव्या अर्जावर वर्षाचा रकाना नाही. जुने भरलेले अर्ज गल्ल्याखालच्या खणात आहेत. त्यांचे काय करायचे, हे अजून ठरायचे आहे.