पगारासाठी कर्ज काढणारे शहर

१७ ऑक्टोबर १९७५ रोजी न्यूयॉर्क शहराला सुमारे ४५ कोटी डॉलरची देणी चुकवायची होती आणि तिजोरीत होते जेमतेम साडेतीन कोटी. दिवाळखोरीची कागदपत्रे तयार होती. महापौर एब्राहम बीम यांचे निवेदनही लिहून झाले होते. शिक्षक संघटनेच्या पेन्शन फंडाने १५ कोटींचे रोखे घ्यावेत म्हणून विनवण्या चालल्या होत्या आणि संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर अडून बसले होते. दुपारी ते राजी झाले, तेव्हा कुठे जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या आर्थिक राजधानीची अब्रू वाचली.

१९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत मंदी आली. कारखाने आणि मध्यमवर्ग त्याआधीपासूनच शहर सोडून चालले होते. मंदीत शहराला दोन्ही बाजूंनी चटका बसतो : रोजगार गेले की कर घटतो आणि नेमकी त्याच वेळी सरकारी इस्पितळातली, मदतकेंद्रांतली गर्दी वाढते. खासगी कंपनी दुकान आवरते घेऊ शकते. शहराला कचरा उचलावाच लागतो.

पण मंदीवर सगळे ढकलणे सोयीचे असले तरी खरे नाही. १९६०च्या दशकापासून न्यूयॉर्कच्या कारभाऱ्यांना एक वाईट खोड लागली होती. पूल, शाळा, जलवाहिन्या यांसाठी काढलेल्या दीर्घ मुदतीच्या कर्जातून रोजचा खर्च भागवला जाई. शिवाय येणाऱ्या करांच्या भरवशावर अल्प मुदतीचे कर्ज उचलायचे, आणि त्या करांचा अंदाजच फुगवून धरायचा. जुने फेडायला नवे कर्ज, हे चक्र चालू राहिले. १९७५पर्यंत हे अल्प मुदतीचे कर्ज सहा अब्ज डॉलरच्या घरात गेले होते. गंमत अशी की बीम महापौर होण्याआधी शहराचे मुख्य हिशेबनीस होते, आणि हिशेब कळणारा माणूस म्हणूनच निवडून आले होते.

१९७५च्या वसंतात बँकांनी शहराचे कर्जरोखे घेणे थांबवले आणि सोंग उघडे पडले. राज्याचे गव्हर्नर ह्यू केरी यांनी बँकर फेलिक्स रोहाटिन यांना हाताशी धरून शहरासाठी कर्ज उभारणारे महामंडळ काढले. सप्टेंबरात नियंत्रण मंडळ आले आणि लोकांनी निवडून दिलेल्या महापौराच्या हातातून तिजोरीच्या किल्ल्या जवळजवळ गेल्याच.

मग कात्री चालली. १ जुलैलाच हजारो पोलिसांना घरी पाठवले होते. सफाई कामगारांनी काम बंद केले आणि ऐन उन्हाळ्यात रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. पोलिसांच्या संघटनांनी कवटीचे चित्र असलेली पत्रके छापून पर्यटकांना शहरापासून दूर राहण्याचा सल्ला दिला! भुयारी रेल्वेचे तिकीट ३५ सेंटवरून ५० सेंट झाले. १८४७पासून चालत आलेली महाविद्यालयीन शिक्षणाची फीमाफी १९७६मध्ये संपली. ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्ग या कष्टकऱ्यांच्या वस्तीतले अग्निशमन केंद्र बंद करायला निघाले, तेव्हा रहिवाशांनी ते ताब्यातच घेतले. वर्षाहून अधिक काळ ते तिथे मुक्काम ठोकून राहिले आणि केंद्र पुन्हा सुरू करून घेतले.

राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी २९ ऑक्टोबरला मदत नाकारली. दुसऱ्या दिवशी ‘डेली न्यूज’ने मथळा दिला, त्याचा मराठी मतलब ‘फोर्ड शहराला म्हणतात, मरा तिकडे’. फोर्ड हे शब्द कधी बोललेच नव्हते. महिन्याभरात त्यांनी भूमिका बदलली आणि वर्षाला २.३ अब्ज डॉलरपर्यंतचे हंगामी कर्ज मंजूर झाले. शहराने ते व्याजासह फेडले. फोर्ड यांना मात्र तो मथळा भोवला. १९७६ची निवडणूक हरताना न्यूयॉर्क राज्यही त्यांच्या हातून गेले.

या सगळ्याची किंमत ज्यांनी हिशेब फुगवले त्यांच्यापेक्षा विद्यार्थ्यांनी, रेल्वेच्या प्रवाशांनी आणि कामावरून काढलेल्या कामगारांनी अधिक मोजली.

आपल्याकडेही महापालिका आता रोखेबाजारात उतरू लागल्या आहेत. पुण्याने २०१७मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले. जलवाहिनीसाठी कर्ज काढण्यात गैर काहीच नाही; धोका आहे तो येणाऱ्या उत्पन्नाचा अंदाज न्यूयॉर्कसारखा फुगवण्यात. जकात गेल्यापासून मुंबईसारखी महापालिकाही राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर विसंबून आहे. तेव्हा आपल्या महापालिकेचे अंदाजपत्रक हाती आले की नव्या उड्डाणपुलांची यादी जरा बाजूला ठेवा. मालमत्ता करातून गेल्या वर्षी किती रक्कम येईल असे लिहिले होते आणि प्रत्यक्षात किती आली, हे दोन आकडे आधी पाहा.